घोडा का अडला?

‘भाकरी का करपली? पान का सडले? घोडा का अडला?’ तीन प्रश्न आणि उत्तर मात्र एकच – ‘न फिरवल्यामुळे!’ मराठी घरातल्या बहुतेक मुलांनी हे कोडे आजीच्या तोंडून ऐकलेले असते. पण ज्याच्या दारात खरोखरीचा घोडा बांधलेला आहे, त्याला याचे आणखी एक उत्तर ठाऊक असते. पुष्कळदा घोडा अडतो, तो मालकाने नको तिथे चार पैसे वाचवले म्हणून.

घोडा पाळणे हा श्रीमंतांचा शौक, असा एक समज आहे. रेसकोर्सपुरता तो खराही असेल. पण आपल्या देशात घोडा, तट्टू आणि खेचर यांच्या पाठीवर चालणारी घरे गरिबांचीच अधिक. केदारनाथच्या चढावर यात्रेकरूंना नेणारा, लग्नाच्या वरातीत घोडी आणणारा, छोट्या गावात अजून टांगा हाकणारा आणि माथेरानच्या लाल मातीत पर्यटकांना फिरवणारा, या सगळ्यांचे दुखणे एकच आहे. घोडा कमावतो काही दिवस, खातो मात्र रोज.

आठ महिने कमाई, बारा महिने खाणे

माथेरानचेच उदाहरण घ्या. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे पायी जायचे, घोड्यावर बसायचे, नाहीतर छोट्या गाडीने जायचे. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला आणि घोडेवाल्यांपुढे आणखी एक काळजी उभी राहिली. पण जुनी काळजी पावसाची आहे. जूनमध्ये डोंगर ढगांत बुडतो, नेरळहून चढणारी गाडी बंद होते आणि पर्यटक रोडावतात. घोड्याची भूक मात्र तेवढीच राहते.

म्हणून घोडेवाल्याच्या घरातला पहिला हिशेब अगदी साधा असावा. कमाईचे महिने आठ आणि रिकामे महिने चार धरले, तर कमाईच्या प्रत्येक महिन्याने दीड महिन्याचा खर्च काढला पाहिजे. एक महिना चालू आणि अर्धा पावसाळ्याचा. हा अर्धा महिना बाजूला न पडल्यामुळेच जुलैमध्ये सावकाराचे दार ठोठवावे लागते. मग व्याज भरताना पहिली कात्री लागते ती चंदीला, म्हणजे घोड्याच्या दाण्याला. उपाशी घोडा दिवाळीच्या हंगामात उभा राहू शकत नाही आणि कर्ज पुढच्या वर्षावर जाते.

डबा नको, तराजू हवा

घोड्याच्या खर्चात चाऱ्या-दाण्याचा वाटा मोठा, तेव्हा बचतीची सुरुवातही तिथेच व्हायला हवी. मात्र खाणे कमी करून नव्हे, तर मोजून.

त्यासाठी आधी घोड्याचे वजन कळले पाहिजे. एवढा मोठा काटा कुठून आणायचा? गरज नाही. शिंप्याची फीत पुरेशी आहे. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. उत्तर अंदाजे किलोमध्ये मिळते. घेर १६० आणि लांबी १४५ असेल, तर वजन साधारण ३१२ किलो. दर महिन्याला हे मोजून लिहून ठेवले, तर घोडा खंगतो आहे की सुटतो आहे ते डोळ्यांआधी फीत सांगते.

वजनाच्या सुमारे दोन टक्के सुका चारा घोड्याला रोज लागतो. म्हणजे या घोड्याला सहा किलोंच्या आसपास. आता यातला एक किलो रोज पायाखाली तुडवला जाऊन शेणामातीत गेला, तर वर्षाला ३६५ किलो होतात. हा दोन महिन्यांचा चारा झाला! जमिनीवर पसरण्याऐवजी गव्हाण बांधली किंवा जुन्या लाकडी फळ्यांचा चौकोन केला, तरी ही नासाडी थांबते. घोड्याचे पोट लहान असते. एकदम ढीग टाकण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे घातले, तर ते त्याच्या अंगीही लागते आणि वायाही जात नाही.

दाण्याच्या बाबतीत सगळीकडे एक चूक होते. ‘दोन डबे सकाळी, दोन संध्याकाळी’ असे माप ठरलेले असते. पण डबाभर हरभरा हा डबाभर गव्हाच्या कोंड्याच्या तिपटीने तरी जड भरतो. दाणा बदलला आणि डबा तोच राहिला, तर कधी घोडा उपाशी राहतो, कधी महागाचा हरभरा उगाच जातो आणि वर पोटशूळ उठतो. एकदा तराजूवर तोलून डब्यावर रंगाने खूण करावी. हे काम घरातले शाळकरी मूलही करू शकेल. कोंडा स्वस्त म्हणून नुसत्या कोंड्यावर घोडा ठेवणेही बरे नाही. त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडे, त्यामुळे पुढे हाडे कमकुवत होतात.

ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी चंदी निम्मी करावी. चारा मात्र कमी करू नये. यात पैसेही वाचतात आणि प्रकृतीही. भरपूर दाणा खाऊन दोन दिवस बांधून ठेवलेला घोडा तिसऱ्या दिवशी कामाला जुंपला, की त्याचे पुठ्ठे दगडासारखे आखडतात. म्हणून सुट्टीच्या दिवशीही त्याला थोडे चालवून आणावे. आजीच्या कोड्यातला घोडा अडला तो असा!

गवताच्या खरेदीत वेळेला किंमत असते. पावसाळा सरल्यावर कापणी होऊन गंजी रचल्या जातात, तेव्हा भाव उतरलेला असतो. तेच गवत उन्हाळ्याच्या शेवटी चढ्या भावाने घ्यावे लागते. चार-पाच घोडेवाल्यांनी मिळून एक ट्रक ठरवला, तर भाड्यातही वाचते. माथेरानसारख्या ठिकाणी दस्तुरीपासून पुढची हमालीही सगळ्यांत विभागली जाते. मात्र साठवण नीट हवी. दगडांवर फळ्या टाकून त्यावर गंजी रचावी, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे आणि वर छप्पर असावे. बुरशी लागलेले गवत ‘टाकायचे कसे’ म्हणून घोड्यापुढे ढकलले, तर खोकला नाहीतर पोटशूळ ठरलेला.

दात, जंत आणि नाल

घोडा खातो भरपूर, पण अंगी लागत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. अशा वेळी दाणा वाढवण्याआधी त्याची लीद पाहावी. लिदीत अख्खे हरभरे दिसत असतील किंवा खाताना तोंडातून अर्धवट चावलेले बोळे गळत असतील, तर दोष दातांचा असतो. घोड्याच्या दाढा झिजत जातात आणि त्यांच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. वर्षातून एकदा पशुवैद्याकडून त्या कानशीने घासून घेतल्या, की वर्षभराचा दाणा सत्कारणी लागतो.

जंतांचे औषध वजनावर द्यायचे असते. तिथे पुन्हा फीत उपयोगी पडते. कमी मात्रा दिली तर जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून आधी लीद तपासून घेतली, तर गरज नसताना औषध विकत घ्यावे लागत नाही. गोठ्यातली लीद रोज उचलली की जंत आणि माश्या दोन्ही कमी होतात. शिवाय कुजवलेल्या लिदीचे खत परसबागांना हवेच असते.

नालबंदाला दर सहा ते आठ आठवड्यांनी बोलवावे. नाल झिजली नसेल तर खूर तासून तीच पुन्हा ठोकता येते. पावसाळ्यात काम बंद असताना नाल काढून फक्त खूर तासून घेतले, तर खुरांना विसावा मिळतो आणि नालेचा खर्चही टळतो. मात्र खुरांतला चिखल रोज काढून ते कोरडे करायलाच हवेत, नाहीतर ते सडतात. खोगिराचा तंग आणि रिकिबीचे पट्टे यांची शिवण आठवड्याला तपासावी. घामाने कडक झालेले खोगिराखालचे कापड धुवावे. चांभाराला दिलेले थोडे पैसे परवडतात. पाठीला जखम झालेला घोडा ऐन मे महिन्यात पंधरा दिवस बसून राहिला, तर ते परवडत नाही.

इथे हात आखडू नये

काही ठिकाणी केलेली बचत घोड्याच्या जिवावर बेतते. गुरांचे किंवा कोंबड्यांचे खाद्य स्वस्त म्हणून घोड्याला घालू नये. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते आणि घोड्याला ते विषासारखे आहे. कोवळी हिरवी ज्वारी फुकट मिळाली तरी चारू नये. धनुर्वाताची लस चुकवू नये, कारण रस्त्यावरचा एक खिळाही त्याला पुरतो. पाणी आणि रोजचे चिमूट-दोन चिमूट नव्हे, तर चमचाभर मीठ, यांत कंजुषी करू नये. नाकातून घट्ट शेंबूड वाहणारा किंवा अंगावर गाठी फुटलेला घोडा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. शेंबा नावाचा रोग माणसालाही होतो आणि घोड्याला त्यावर इलाज नाही.

आणि जास्तीची फेरी? १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक राबवता येत नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन काम देता येत नाही. गर्दीच्या दिवशी हा नियम जाचक वाटतो खरा. पण लंगडा घोडा एकही फेरी करत नाही.

या सगळ्यासाठी एक दोन रुपयांची नव्हे, तर घरातल्या जुन्या वहीची कोरी पानेही पुरतात. एका बाजूला कमाईचे दिवस, दुसऱ्या बाजूला चारा, दाणा, नालबंद आणि दवाखाना. महिनाअखेरीस ती वही नवरा-बायकोने एकत्र बसून वाचावी. कुठे गळते आहे ते लगेच दिसेल. बहुधा ती गळती तोबऱ्यात नसतेच. ती सापडते तुडवलेल्या गवतात, न घासलेल्या दातांत आणि वेळेवर न बदललेल्या नालेत.

घोड्याचे पोट मारून कुणाचे घर वर आलेले नाही. घोडा मोजून खाऊ घालावा, वेळेवर दाखवावा आणि रोज फिरवावा. मग तो अडत नाही, आणि त्याच्या पाठीवर चाललेले घरही अडत नाही.