डोंगर दाखवत नाही ते साधन कसले?

मंडळी, यंदा दिवाळीत आमच्याकडे फराळापेक्षा विमानाच्या ॲपची चर्चा जास्त झाली. नात खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी शिकते आहे. उड्डाणाची आखणी करायला कोणते ऑनलाइन साधन घ्यावे, यावर काका, आत्या, मामा सगळ्यांनी मते दिली. "सगळे वापरतात तेच घे." "दिसायला छान आहे ते घे." मी भूगोलाचा मास्तर. विमान कधी चालवले नाही, पण नकाशा शिकवण्यात हयात गेली. मला ही दोन्ही उत्तरे साफ चुकीची वाटतात.

तिने एक साधन मला दाखवले (नाव घेत नाही). बोटाने दोन ठिकाणे जोडली की अंतर, वेळ, इंधन सगळे हजर! मी विचारले, "यात आपले डोंगर कुठे आहेत गं?" शोधू लागलो. घाटमाथ्याचा सारा पट्टा एकसारखा हिरवा. हरिश्चंद्रगड नाही, कळसूबाई नाही. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर म्हणजे ५४०० फूट, आणि ते गायब! आपल्या भागाच्या उंचीची माहिती त्यात भरलेलीच नव्हती, आणि तसे कुठे लिहिलेलेही नव्हते. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

मला हे एवढे का लागले? ७ जुलै १९६२. मी तेव्हा शाळकरी पोर. आदल्या रात्री बँकॉकहून मुंबईकडे येणारे अलितालियाचे डीसी-८ जेट मध्यरात्रीनंतर जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. ९४ माणसे होती, एकही वाचले नाही. मुंबई अजून ऐंशीएक किलोमीटर दूर होती. चौकशीत निघाले ते असे: आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो, या समजुतीत वैमानिक लवकर खाली उतरू लागला. विमान नेमके कुठे आहे हे पडताळायची साधने असून वापरली नाहीत. सुरक्षित उंचीची मर्यादा मोडली गेली. आणि मार्गातला मुलूख त्याच्या ओळखीचा नव्हता.

भाचा म्हणाला, "मामा, तेव्हा आजची ॲप्स असती तर वाचले असते ना?" वाचलेही असते. मी यंत्राचा वैरी नाही. पण त्या ॲपमध्ये डोंगर असायला हवा, आणि बघणाऱ्याने बघायला हवे. साधने तर तेव्हाही होती!

म्हणून निवडताना मी नातीला तीनच प्रश्न विचारायला सांगितले. एक, हे कोणत्या देशासाठी बनवले आहे? फोरफ्लाइट अमेरिकेतले, स्कायडेमन इंग्लंडमधले. तिथे उत्तम असेल, पण इथली माहिती किती भरली आहे ते पैसे भरण्याआधी बघ. स्कायव्हेक्टर फुकट आहे, पण फुकटालाही हाच प्रश्न. दोन, माहिती कोणत्या तारखेची? वैमानिकांच्या नकाशांचे अधिकृत बदल २८ दिवसांच्या चक्राने लागू होतात. जुने पान दाखवणारे साधन नसलेले बरे. भारतातली अधिकृत माहिती विमानतळ प्राधिकरण प्रसिद्ध करते, पडताळणी तिथेच. तीन, त्याचे गणित हाताने तपासता येते का? वारा कुठून, किती, त्याने दिशा किती अंश बदलते, हे उत्तर कसे आले ते जे दाखवत नाही, ते शिकणाऱ्या मुलीच्या कामाचे नाही.

यावर घरात मला "जुना माणूस" ही पदवी मिळाली. असू दे. सगळे वापरतात म्हणून घेतलेली वही चालते, चप्पल चालते. डोंगरावरून जायचे साधन तसे घेऊ नये.

भाऊबीज झाल्यावर नातीने माझा जुना भूमापन नकाशा मागून घेतला, पट्टीने रेघ ओढली, समोच्च रेषा मोजत बसली. शेवटी वहीत मार्गातली सर्वात उंच जागा मीटरमध्ये लिहिली. मी म्हटले, "बाई, आता फूट कर. तुमचे विमान फुटात उडते."

ॲप अजून ठरलेले नाही. घाई नाही. असो.