कायदा नवा, शिदोरी जुनीच!

१ जुलै २०२४ रोजी मेकॉलेप्रणीत भारतीय दंड संहिता इतिहासजमा झाली आणि भारतीय न्याय संहिता आली. दास्याची एक खूण पुसली गेली, याचा आनंद आहेच. परंतु हा कायदा ज्याने राबवायचा, त्या पोलिसाच्या शिक्षणाचे काय? धावती शिबिरे झाली; तेवढ्याने भागेल? झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रण आता बंधनकारक आहे. मोबाइलमधील पुरावा मांडायचा, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये प्रमाणपत्र लागते. त्यात त्रुटी राहिली की आरोपीचा वकील नेमके तिथेच बोट ठेवणार, आणि भोगणार बिचारा फिर्यादी!

भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांसाठी हैदराबादच्या अकादमीत सेवामध्य प्रशिक्षणाचे टप्पे आहेत. ते योग्यच. पण प्रत्यक्ष पंचनामा लिहिणारा हवालदार बहुधा भरतीच्या वेळच्या शिदोरीवरच निवृत्तीपर्यंतची वाट चालतो. उजळणी वर्ग लागलाच, तर गणेशोत्सव, निवडणूक किंवा मंत्रिमहोदयांचा दौरा उभा राहतो आणि वर्गातला शिपाई बंदोबस्तावर जातो. (दौरे तरी कमी करा!) त्यात प्रशिक्षण केंद्रातील नेमणूक म्हणजे शिक्षा, हा समज खात्यात घट्ट रुजलेला.

२६/११ च्या हल्ल्यात हुतात्मा तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली. त्यांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या राज्यकर्त्यांनी एवढे तरी करावे: प्रत्येक शिपायासाठी वर्षातून किमान १५ दिवस प्रशिक्षण, बंदोबस्तासाठीही ते रद्द होणार नाही, आणि त्यावाचून पदोन्नती नाही, असा शासननिर्णय काढावा.