खापरपणजोबा कोणाच्या बाजूचे?

आमच्या घराण्याची वंशावळ छापायचे ठरले आहे. खर्च वर्गणीतून, आणि वर्गणीदारांचा आग्रह असा, की खापरपणजोबा भागोजी नाईकांचे साथीदार होते असे तीत छापून यावे. मी आडवा आलो, म्हणून भाऊबंद माझ्याशी बोलत नाहीत. तेव्हा ऐन दिवाळीत हे गाऱ्हाणे वाचकांपुढे मांडतो.

ऑक्टोबर १८५७ मध्ये नांदूर शिंगोट्याला भागोजी नाईकांच्या भिल्लांशी लढताना लेफ्टनंट हेन्री पडला. (सिन्नरचा तो मुलूख तेव्हा नगरकडे होता, नाशिक जिल्हा १८६९ चा.) त्यानंतर कॅप्टन नटॉलने महादेव कोळ्यांची पलटण उभारली. तिचे मुख्य जावजी नाईक बांबळे. तंबू नाही, गाडी नाही. शिधासामान पाठीवर, आणि तलवार बहुतेकांनी घरचीच आणलेली. आमच्याकडे खंडेनवमीला पुजतात ती त्यांतलीच एक. आजी खापरपणजोबांना ‘पलटणीतले बाबा’ म्हणे. ती पलटण हीच, आणि ती भागोजींच्या पाठलागावर होती!

“अरे, इंग्रजांचा चाकर छापायचा का वंशावळीत?” थोरले दादा म्हणाले.

का छापू नये? अकोले तालुक्यातल्याच देवगावच्या राघोजी भांगऱ्यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. दहा वर्षांच्या आत त्याच डोंगरातले लोक त्याच सरकारच्या पलटणीत शिरले. खुद्द भागोजी बंडापूर्वी नगरच्या पोलिसांत होते! कोण कोणत्या बाजूला गेला हे पोटाने किती ठरवले आणि मनाने किती, याचा निवाडा दीडशे वर्षांनी वर्गणीच्या बैठकीत चहा पिता पिता करायचा काय?

बरे, त्या चाकरीचे फळ काय मिळाले? नोव्हेंबर १८५९ मध्ये मिठसागरला सूटरच्या तुकडीशी लढताना भागोजी पडले. काम झाले. मार्च १८६१ मध्ये पलटण मोडली. थोडे पोलिसांत घेतले, बाकीचे शेताकडे आणि रानाकडे परतले. आमचे बाबा त्या बाकीच्यांतले. त्यांना भागोजींच्या टोळीत बसवले, की सरकारने वापरून टाकलेल्या या माणसांची हकिगत आमच्या घरातूनही पुसली जाणार.

शिवाय मिठसागरला जे भिल्ल मेले त्यांच्या नातवंडांनी कोणती वंशावळ छापली आहे? त्यांचे मरण आम्ही माणशी पाचशे रुपयांत आमच्या नावे करून घ्यायचे, ही कुठली कुलीनता?

माझी वर्गणी भरलेली आहे. मला एकच ओळ हवी: ‘कोळी पलटणीत शिपाई, १८६१ साली पलटण मोडल्यावर पुन्हा शेती.’ छापायची नसेल तर दादांनी माझे पाचशे रुपये भाऊबीजेच्या आत परत करावेत.