मालक परदेशी, किल्ली मालकापाशी

‘साहेब बाहेरगावी आहेत, आले की बघू.’ हे वाक्य राज्य सरकारच्या सेवेत आम्ही चौतीस वर्षे ऐकले. प्रामाणिकपणे सांगायचे तर अधूनमधून उच्चारलेही. निवृत्तीनंतर तेच वाक्य एका चित्रदालनाच्या दारात ऐकावे लागेल, असे मात्र वाटले नव्हते.

घडले ते असे. आमच्या बडोद्यातील एका खाजगी दालनाने जुन्या मराठी घराण्यांतील व्यक्तिचित्रांचे प्रदर्शन भरवले. आम्हीही आमच्या पणजीचे तैलचित्र हौसेने दिले. प्रदर्शन उत्तम झाले, भाषणे झाली, आणि मालक दोन महिन्यांसाठी परदेशी गेले. चित्र परत आणावयास गेलो, तेव्हा दालनात एक तरुण मदतनीस बसला होता. दार तो उघडी, झाडलोट तो करी, येणाऱ्यांना चित्रे तो दाखवी, फोन तो घेई. परंतु चित्रांच्या कोठीची किल्ली त्याच्यापाशी नव्हती. कोठीच्या भिंतीला बाहेरून ओल दिसू लागली होती. त्याने मालकांना फोनवर तीनदा सांगितले होते. उत्तर तेच : मी आल्यावर बघू.

आमच्यासमोरच एक गृहस्थ भिंतीवरील एका चित्राची किंमत विचारून, ती सांगण्याचा अधिकार कोणालाच नसल्यामुळे, निघून गेले. एक तरुण चित्रकार विकल्या गेलेल्या चित्राचे पैसे मागावयास चौथ्यांदा आला होता. त्याच्या चित्राखाली विक्रीची लाल टिकली होती. धनादेशावर सही करणारा मात्र सातासमुद्रापलीकडे.

भाद्रपदात कोठी उघडली, तेव्हा पणजीच्या पदरावर पांढरी बुरशी चढली होती. मालकांनी आमची क्षमा मागितली आणि त्या मदतनिसाला हलगर्जीपणाच्या नावाखाली कामावरून काढून टाकले. ज्याच्या हाती किल्ली नव्हती, त्याच्या माथी दोष! आमचे चित्र कदाचित स्वच्छ होईल. त्या मुलाच्या नावावरील डाग कोण पुसणार?

मालकांनी प्रवास करू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. चित्रकार शोधावयास, ग्राहक जोडावयास त्यांना फिरावेच लागते. आणि प्रवासाचे वावडे बडोदेकरांना कसे असेल? सयाजीराव महाराज १८८७ साली प्रथम युरोपला गेले आणि पुढे आयुष्यभर जात राहिले. लॉर्ड कर्झनने १९०० साली संस्थानिकांच्या परदेशगमनाला लगाम घालणारे परिपत्रक काढले, तेही महाराजांना झोंबले होते. तथापि राजा दूर असताना राज्याला कुलूप लागले नाही. दिवाण आणि त्यांचे सहकारी कारभार पाहत. आमच्या चित्रसंग्रहालयाचेच पाहा. युरोपीय चित्रे निवडण्याचे काम महाराजांनी मॅरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाकडे सोपवले होते. इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली. महायुद्धामुळे चित्रे युरोपातून येण्यास विलंब झाला आणि संग्रहालय १९२१ मध्ये खुले झाले. जाणत्या माणसावर काम सोपवणे राजाला कमीपणाचे वाटले नाही. ते दालनाच्या मालकाला का वाटावे?

यावर कोणी म्हणेल, राजाकडे दिवाण होता, आमच्याकडे एक पोरगा आहे. आम्ही म्हणतो, तो पोरगाच तुमचा दिवाण! त्याला अधिकार द्या, मग जबाबदारी द्या. अधिकाराविना जबाबदारी म्हणजे निव्वळ बळीचा बकरा बांधून ठेवणे होय.

दुसरा आक्षेप असा की कलेचे क्षेत्र विश्वासावर चालते, तेथे कागद कशाला? कायदा असे मानत नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाप्रमाणे, दुसऱ्याची वस्तू काही कामापुरती ताब्यात घेणाऱ्याने, साधारण शहाणा मनुष्य स्वतःच्या तशा वस्तूची घेईल तितकी काळजी घेतली पाहिजे, असे कलम १५१ सांगते. आणि मुदत संपताच वा काम होताच ती न मागता परत केली पाहिजे, असे कलम १६० सांगते. ‘मालक प्रवासात आहेत’ ही सबब त्यात कोठेही नाही.

मागणे फार नाही. प्रवासास निघण्यापूर्वी मालकाने कोठीतील प्रत्येक चित्राची यादी, त्याच्या स्थितीच्या नोंदीसह, मागे राहणाऱ्याच्या हाती सहीनिशी द्यावी. दुसरी किल्ली द्यावी. चित्र परत करणे, ठरलेल्या किमतीला विकणे, चित्रकाराचे पैसे चुकते करणे आणि गळतीसाठी गवंडी बोलावणे, एवढ्याचा लेखी अधिकार व त्यापुरती रक्कम द्यावी. सरकारी कचेरीत कारकूनदेखील कार्यभार सोपवल्यावाचून रजेवर जात नाही.

आता आमच्याकडे वळतो. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या पावत्या तपासणाऱ्या आम्ही चित्र देताना पावती घेतली नव्हती. ‘आपलीच माणसे, कागद कशाला मागायचा?’ हा आमचा भिडस्तपणा. त्या भिडेची किंमत आम्ही एका पदराएवढी मोजली. त्या मुलाने नोकरीएवढी मोजली. मालकांना आम्ही पत्र लिहून त्या मुलाची बाजू मांडली आहे आणि गरज पडल्यास साक्षीला उभे राहू.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यात अशी चित्रे टांगलेली आहेत. उद्या कोणी ती मागावयास आले, तर अवश्य द्या. पण पावती घ्या, परतीची तारीख लिहून घ्या, आणि आवर्जून एक प्रश्न विचारा : आपण गावाला गेलात, तर किल्ली कोणापाशी असेल?