खान्देशचा अँटिबायोग्राम कुठे आहे?

चोपड्याहून किंवा शिरपूरहून रात्री आलेल्या पेशंटची रेफर चिठ्ठी पाहा. आधी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, मग तीन दिवस मेरोपेनेम, आणि कल्चरपुढे आडवी रेघ. जळगावात रक्त घेतलं की रिपोर्ट येतो ‘नो ग्रोथ’. ताप असतोच, म्हणून कोलिस्टिन जोडलं जातं. कशाविरुद्ध, ते कुणालाच माहीत नसतं.

तालुक्याच्या डॉक्टरला बोल लावणं सोपं आहे. बीपी पडलेलं, नातेवाईक दाराशी, लॅब बंद. तरी पहिल्या डोसआधी ब्लड कल्चरच्या दोन बाटल्या भरायला फार वेळ लागत नाही. त्या सकाळी पाठवल्या तरी चालतं. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नयेत, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीतही नकोत.

ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाने कार्बापेनेमला दाद न देणारे २४ जिवाणू तपासले. त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१ सापडलं. मुंबईने मोजलं म्हणून हे कळलं. आपण मात्र अजूनही मुंबई-पुण्याच्याच अँटिबायोग्रामचे तक्ते पाहून औषध निवडतो. अमळनेरच्या आयसीयूतल्या क्लेबसिएलाला ते लागू पडतील, असं मानायला आधार काय?

अडचण आकड्यांची आहे. अँटिबायोग्रामसाठी एका जातीचे वर्षाला किमान ३० नमुने लागतात, तेही प्रत्येक पेशंटचा पहिलाच धरून. पंधरा खाटांच्या नर्सिंग होमला हे एकट्याने जमणारच नाही. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय महाविद्यालयांचे मायक्रोबायोलॉजी विभाग आणि खासगी लॅब यांनी आकडे एकत्र केले, तर वर्षभरात खान्देशचा तक्ता हातात येईल.

त्याआधी लॅबवाल्यांशी एक स्पष्ट बोलणं हवं. डिस्क लावून ‘कोलिस्टिन सेन्सिटिव्ह’ लिहिलेला रिपोर्ट कामाचा नाही. त्यासाठी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनसारखी पद्धत लागते. शिवाय सीएलएसआयने २०२० मध्ये कोलिस्टिनची ‘सेन्सिटिव्ह’ ही श्रेणीच काढून टाकली. तरीही असे रिपोर्ट येतात आणि आपण त्यावर सही करून डोस लिहितो.

‘आमच्या हॉस्पिटलचं नाव खराब होईल’ ही कुजबुज आम्ही ऐकली आहे. तक्त्यात हॉस्पिटलचं नाव नको, पेशंटचंही नको. तालुका, वॉर्ड की आयसीयू, नमुना कशाचा, जिवाणू कोणता आणि कोणत्या औषधाला तो दाद देतो, एवढे पाच रकाने पुरेत. जानेवारीपासून भरायला घेऊ.