पस्तीसच्या खालचा आकडा

द्वारका चौकात सीईटीचा निकाल लागला की खाजगी क्लासेसचे फलक झळकू लागतात. त्यांवर नव्याण्णवच्या पुढचे आकडे आणि हसरे चेहरे. त्याच फलकाखालून कामावर निघालेल्या एखाद्या बापाच्या मोबाइलवर मात्र मुलीचा निकाल असतो : ३३. शाळेपासून त्याला ठाऊक असलेला हिशेब एकच, पस्तीसच्या खाली तो नापास. संध्याकाळी तो घरी परततो आणि मुलीचे शिक्षण तिथेच थांबते.

तिला नापास केले कोणी? परीक्षेने खास नव्हे. एमएचटी-सीईटीत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा प्रकारच नाही. ३३ हे टक्के नसून पर्सेंटाइल आहे. तिच्या सत्राला बसलेल्या दर शंभरांत सुमारे ३३ जणांचे गुण तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. निरनिराळ्या सत्रांत निरनिराळ्या प्रश्नपत्रिका असतात, म्हणून गुणांऐवजी रांगेतील जागा मोजली जाते. ही रांग लावणारेही चुकतात. २०२५ साली २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेतील २१ प्रश्न सदोष निघाले आणि ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. दोन वर्षे क्लासची फी भरू शकणारा या रांगेत पुढे उभा राहतो, हे तर आपण वेगळे सांगावयास नको.

अभियांत्रिकीच्या पात्रतेसाठी बारावीला संबंधित विषयांत ४५ टक्के, राखीव प्रवर्गांस ४० टक्के, आणि सीईटीत शून्याहून अधिक गुण लागतात. ३३ पर्सेंटाइलवर नामांकित महाविद्यालय मिळणार नाही, हे लपविण्यात अर्थ नाही. तथापि कोठे मिळू शकेल, हे मागील वर्षीच्या कट-ऑफ याद्या ताडून पाहिल्याखेरीज कोणालाही सांगता येणार नाही.

नेमक्या याच वेळी दलाल अवतरतो. "एवढ्यावर काही होत नाही, मॅनेजमेंट कोट्यातून करून देतो," असे तो सांगतो. वास्तविक, जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वार्षिक आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले आहे. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतला तरच. दलालाचे बोट धरणारी मुलगी हा हक्कच गमावून बसते. एका आकड्याच्या चुकीच्या वाचनाची ही किंमत कष्टकऱ्यांच्याच घरातून वसूल होते.

शिक्षणाच्या बाजारीकरणावर आपण ठराव पुष्कळ केले. आता साथींनी निकालानंतरचे चार आठवडे द्वारका परिसरात टेबल मांडून बसावे, याद्या समोर ठेवाव्यात आणि पालकांबरोबर पसंतीक्रमाचा अर्ज भरावा. उत्पन्नाचा आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखला काढण्याचे काम मात्र निकालापूर्वीच उरकले पाहिजे. जूनमध्ये सेतू केंद्रापुढची रांग सीईटीच्या रांगेहून लांब असते.