हाकेला आधार कोणाचा?

मनुष्य बोलू लागला तेव्हापासून आपला शब्द दूरवर पोहोचावा, यासाठी त्याची धडपड चालू आहे. डोंगराच्या धारेवरून गुराखी पलीकडच्या उतारावरील सोबत्याला साद घालतो. गावाची बातमी पूर्वी दवंडी पिटून घरोघर पोहोचविली जात असे. इ. स. १६६० मध्ये शिवाजी महाराज विशाळगडावर सुखरूप पोहोचले, तेव्हा गडावरील तोफांच्या आवाजाने ती वार्ता खिंडीत झुंजणाऱ्या बाजीप्रभूंना कळली, असे परंपरा सांगते. त्या आवाजाला मध्यस्थ नव्हता. तो गडावरून निघाला आणि थेट खिंडीत पोहोचला. एरवीच्या संभाषणात गोडवा पाहावा, चातुर्य पाहावे; परंतु संकटातील हाकेचे मोल एकाच गोष्टीवर ठरते. ती पोहोचते की नाही?

अशी हाक घालण्याची दोन साधने आज माणसाच्या हाती आहेत. पोलीस शिपायाच्या खांद्याशी किंवा कमरेला जो लहानसा बिनतारी संच दिसतो, त्याला सर्वजण वॉकी-टॉकी म्हणून ओळखतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी असे संच मोठ्या प्रमाणावर तयार झाले. बटण दाबून बोलावे, बटण सोडून ऐकावे, एवढीच त्याची रीत. पुढे स्मार्टफोन आला आणि हीच रीत त्यातही अवतरली. झेलो नावाचे एक ॲप २०१२ पासून या कामासाठी प्रसिद्ध आहे. फोनच्या पडद्यावरील बटणावर बोट ठेवले की बोललेला शब्द क्षणार्धात सोबत्यांच्या फोनवर उमटतो. दोन्ही साधनांची चाल सारखी, बोलण्याची पद्धतही सारखी. मग सहजच असा प्रश्न उठतो, की प्रत्येकाच्या खिशात फोन असताना जुन्या बिनतारी संचाचे ओझे कशाला बाळगावे? ते आता मोडीत काढावयास काय हरकत आहे?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ही दोन्ही साधने कशाच्या आधारावर उभी आहेत, हे पाहिले पाहिजे. वॉकी-टॉकीतून निघालेली रेडिओलहर हवेतून थेट समोरच्या संचापर्यंत जाते. दोन संच आणि दोन बॅटऱ्या एवढ्यावर व्यवहार पुरा होतो. ॲपचा शब्द मात्र फार मोठी यात्रा करतो. तो फोनमधून निघून जवळच्या टॉवरवर जातो. तेथून बहुधा जमिनीखालच्या तारांतून कंपनीच्या केंद्रात, केंद्रातून इंटरनेटच्या वाटेने कोठे तरी दूर असलेल्या मोठ्या संगणकाकडे, आणि मग तितक्याच मुक्कामांवरून उलट प्रवास करीत सोबत्याच्या फोनवर येतो. सोबती हाकेच्या अंतरावर असला, तरी शब्दाला ही प्रदक्षिणा घालावीच लागते. मुक्काम जितके अधिक, तितक्या अडखळण्याच्या जागाही अधिक. टॉवरची वीज गेली, तार तुटली, एकाच वेळी हजारो लोक फोन करू लागले, यांपैकी काहीही घडले तरी शब्द वाटेतच अडतो.

म्हणून ॲप हे कुचकामी साधन आहे, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. त्याचे गुण मोठे आहेत. हातातील वॉकी-टॉकीचा पल्ला सामान्यतः काही किलोमीटरांचा असतो. मध्ये डोंगर आडवा आला किंवा उंच इमारतींची दाटी झाली, की तोही आखडतो. ॲपला अंतराचे बंधन नाही. रत्नागिरीतील भाऊ आणि परदेशातील बहीण यांना ते एकाच अंगणात आणून बसवते. शिवाय बोललेले शब्द ॲप साठवून ठेवते, त्यामुळे ते पुन्हा ऐकता येतात. फोन असेल त्याला वेगळे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. बिनतारी संचासाठी, अल्प शक्तीच्या काही ठरावीक संचांचा अपवाद सोडला, तर सरकारी परवाना लागतो. ॲपसाठी तो लागत नाही. दैनंदिन व्यवहारात हे लाभ कोण नाकारील?

या गुणांची आणि मर्यादांची कसोटी २०१७ साली अमेरिकेत लागली. एक महिन्याच्या आत तीन प्रचंड चक्रीवादळे त्या देशावर आदळली आणि प्रत्येकाने एकेक धडा शिकविला.

पहिले वादळ हार्वी. ते २५ ऑगस्टला टेक्सास राज्याच्या किनाऱ्यावर आले. त्या राज्यात एका ठिकाणी तर थोड्या दिवसांत दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. ह्यूस्टन शहराचे रस्ते नद्यांसारखे वाहू लागले. लोक घरांच्या छपरांवर चढून बसले. अशा वेळी शेजारच्या लुइझियाना राज्यातून सामान्य नागरिक मासेमारीच्या आपल्या होड्या घेऊन मदतीला धावले. कोण कोठे अडकला आहे आणि कोणती होडी त्याच्या जवळ आहे, याची जुळणी त्यांनी झेलो या ॲपवरून केली. दूरच्या गावी घरी बसलेले स्वयंसेवकही निरोप्यांचे काम करू लागले. ॲपने अनेकांना जीवदान मिळवून दिले. त्यामागे स्वयंसेवकांचे धैर्य तर होतेच. पण आणखीही एक कारण होते. ह्यूस्टनमधील बहुतेक टॉवर त्या पुरातही चालू राहिले होते.

दुसरे वादळ इर्मा. ते फ्लोरिडा राज्याकडे येत असताना हार्वीच्या वेळची कीर्ती सर्वत्र पसरली होती, आणि कीर्तीबरोबर एक अफवाही पसरली. हे ॲप इंटरनेटवाचून चालते, असा निरोप लोक एकमेकांना पाठवू लागले. असंख्य लोकांनी घाईघाईने ते आपल्या फोनमध्ये उतरवून घेतले. शेवटी, आमचे ॲप इंटरनेटवाचून चालत नाही, असा खुलासा कंपनीला स्वतःच करावा लागला. १० सप्टेंबरला वादळ फ्लोरिडाच्या भूमीवर आले. ज्यांना तो खुलासा कळलाच नसेल, त्यांनी कोणत्या भरवशावर ती रात्र काढली असेल? साधन हाती नसणे ही आपत्ती खरीच; परंतु जे साधन ऐन वेळी चालणार नाही त्यावर निर्धास्त विसंबून राहणे ही तिच्याहून मोठी आपत्ती होय. भरवशाच्या म्हशीला टोणगा, ही म्हण अशाच अनुभवातून जन्माला आली आहे.

तिसरे वादळ मारिया. २० सप्टेंबरला ते पोर्तो रिको या बेटावर आदळले. सगळ्या बेटाची वीज गेली. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर तेथील सुमारे ९५ टक्के टॉवर बंद पडलेले होते. लाखो फोन लोकांच्या हाती होते. पण फोनवरील ॲपला आता आधारच उरला नव्हता. तेव्हा रेड क्रॉस संस्थेने अमेरिकेतील हौशी बिनतारी चालकांपैकी पन्नास जण मागितले आणि स्वयंसेवक आपापले संच घेऊन बेटावर उतरले. बेटावरचे हौशी चालकही कामाला लागलेच होते. मोठ्या संचांच्या रेडिओलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर जातात. त्या लहरींच्या पाठीवर बसून, वाचलेल्या माणसांची नावे समुद्रापलीकडच्या नातलगांपर्यंत पोहोचली. ज्या यंत्रांना लोक अडगळ म्हणत होते, त्यांनीच त्या दिवसांत बेटाला वाचा दिली.

हे दूरदेशीचे अनुभव आहेत, असे म्हणून भारतीयांना स्वस्थ बसता येणार नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटा अंदमान-निकोबार बेटांवर आल्या. योगायोगाने श्रीमती भारती प्रसाद आणि त्यांचे हौशी बिनतारी पथक त्या वेळी पोर्ट ब्लेअर येथे होते. दूरध्वनी मुके झालेले असताना या पथकाने आपल्या संचांवरून बेटांची खबर मुख्य भूमीला कळविली आणि काळजीने व्याकूळ झालेल्या कुटुंबांना आप्तांची खुशाली दिली. पुढच्याच वर्षी, २६ जुलै २००५ रोजी, मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वीज गेली, रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि घरच्यांना एक शब्द कळवावा म्हटले तर मोबाइल सेवाही कोलमडलेली होती. खिशात फोन असूनही माणसे कमरभर पाण्यातून निरोपावाचून चालत राहिली आणि घरी त्यांची वाट पाहणाऱ्यांनी ती रात्र जागून काढली.

बिनतारी संचाचा आणखी एक गुण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ॲपवरची हाक त्या ॲपवरील आपल्या गटात सामील झालेल्या माणसांनाच ऐकू जाते. बिनतारी संचावरची हाक, त्याच लहरीवर कान लावून बसलेल्या जवळच्या कोणालाही ऐकू येते. समुद्रावर चालणाऱ्या संचांत सोळावा चॅनल संकटाच्या हाकेसाठी जगभर मुक्रर केलेला आहे. कोकणच्या किनाऱ्यापासून दूर गेलेल्या होडीचे इंजिन बंद पडले, तर तेथे टॉवर नसतो. पण सोळाव्या चॅनलवर घातलेली हाक जवळून जाणाऱ्या अनोळखी जहाजालाही ऐकू येते. त्या हाकेला नाव ठाऊक असण्याची गरज नसते. बुडत्याला ओळखीचा माणूस शोधण्यास वेळ कोठला? जो जवळ असेल, तोच त्याचा सखा.

यावर कोणी म्हणेल, की विज्ञान एका जागी थांबलेले नाही. फोनच उद्या ही उणीव भरून काढील. या म्हणण्यात तथ्य आहे. टॉवरवाचून जवळच्या दोन फोनांना जोडणारी ॲप निघाली आहेत, परंतु त्यांचा पल्ला थोडक्या मीटरांचाच असतो. २०२२ पासून काही देशांत, काही फोनांवरून संकटाचा संदेश थेट उपग्रहाकडे पाठविता येऊ लागला आहे. ही प्रगती स्वागतार्ह आहे. मात्र तिच्यातून निघणारा अर्थही ध्यानात घ्यावा. टॉवरवर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे आहे, हे फोन बनविणाऱ्यांनाच पटले. म्हणून तर त्यांनी दुसरी वाट शोधली. दुसरीकडे, बिनतारी संचही काही अमरत्वाचे वरदान घेऊन आलेला नाही. त्याची बॅटरी भरून ठेवली नसेल आणि तो चालविणारा शिकलेला नसेल, तर कपाटातील संच आणि रस्त्यावरील दगड यांत फरक तो काय?

येथेच शिक्षणाचा प्रश्न येतो. बिनतारी संचावर एका वेळी एकानेच बोलावयाचे असते. दोघे एकदम बोलले, तर कोणाचेच ऐकू येत नाही. म्हणून आधी ऐकावे, मग बटण दाबावे, आपली ओळख सांगावी, थोडक्यात बोलावे आणि दुसऱ्यासाठी वाट मोकळी करावी, अशी त्याची शिस्त आहे. रेल्वेगाडीचा चालक आणि शेवटच्या डब्यातील गार्ड, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, हे दोघे याच शिस्तीने एकमेकांशी बोलतात आणि शेकडो प्रवासी निर्धास्त झोपतात. ही शिस्त संकटाच्या दिवशी अचानक अंगी येत नाही. ती आधी मुरावी लागते. भारतात हौशी बिनतारी चालकाचा परवाना मिळविण्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही ती देता येते. शाळांनी या विद्येकडे वळावे, किनाऱ्यावरील आणि दरडींच्या छायेतील गावांनी एखाद-दुसरा संच परवान्यासह सिद्ध ठेवावा आणि तो चालविणारी चार माणसे तयार करावीत. तहान लागल्यावर विहीर खणावयास घेणे हे शहाण्याचे लक्षण नव्हे.

तात्पर्य, नवे घेताना जुने फेकलेच पाहिजे, असा काही नियम नाही. रोजच्या कामाला फोन आणि ॲप खुशाल वापरावे. ते सोयीचे आहे. पण कोणतेही साधन हाती घेताना, हे कोणाच्या आधारावर उभे आहे आणि तो आधार गेला तर याचे काय होईल, हा प्रश्न विचारण्याची सवय प्रत्येकाने जोपासावी. ज्या समाजाला या प्रश्नाचे उत्तर आधीच ठाऊक असते, त्या समाजातील माणसाची हाक काळोखात आणि पुरातही विरून जात नाही.